आधी वजन, मग पाटा

आजचा विषय आहे फोर बाय फोर गाडीचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. पाटे बदलायचे तर कोणते घ्यायचे, किती जाड, किती नग, आणि मुळात बदलायचे का.

आधी नावाचं बघू, कारण आपण वेगवेगळ्या राज्यांत राहतो. महाराष्ट्रात हायवेला 'कमान पाटा वर्क्स' अशी पाटी दिसते. हिंदी मुलखात याच कामाला 'कमानी' म्हणतात आणि तो माणूस 'कमानी मिस्त्री'. वस्तू एकच. टांग्याच्या चाकावर असायची तीच ही जात, आणि आज मालवाहू ट्रकच्या खाली तीच आहे. आपल्या छंदाच्या गाड्यांपैकी जुन्या महिंद्रा जीप आणि मारुती जिप्सी यांना चारही चाकांवर पाटे आहेत. २०१० ते २०२० या काळातल्या थारला मागे पाटे आहेत. बोलेरोला मागे पाटे, इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या पिकअपनाही मागे पाटेच. २०२०ची नवी थार आणि २०२३ला आलेली जिम्नी यांना कॉइल आहेत, त्यामुळे आजचं सगळं त्यांना लागू नाही.

मी बरीच वर्षं जिप्सी आणि जुन्या जीप चालवतो आणि त्यांच्या खाली झोपून कामही करतो. लोक माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: "किती इंच लिफ्ट करू?" मी त्यावर उलटा प्रश्न विचारतो: "गाडीत किती किलो घालणार?" आज मला एवढंच सांगायचं आहे. पाटा वजनावरून निवडायचा असतो. उंची त्यातून जी मिळेल ती मिळेल. उलट दिशेने गेलात, आधी उंची ठरवली आणि मग पाटा शोधला, तर पैसे जातात, कंबर जाते, आणि कधी कधी ब्रेकही जातो. हे मी घाबरवायला म्हणत नाही, पुढे त्याचं कारण सांगतो.

पाटा तीन कामं करतो

कॉइल स्प्रिंग फक्त वजन उचलते. ॲक्सल जागेवर धरायला तिथे वेगळे दांडे असतात, रॉड असतात. पाट्यांच्या गाडीत तसं काही नसतं. पाटा वजन उचलतो, ॲक्सल जागेवर धरतो, आणि एकमेकांवर घासून थोडा धक्काही जिरवतो. ॲक्सल पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे सरकू नये, आणि गिअर घातल्यावर स्वतःभोवती फिरू नये, हे सगळं त्या पाट्यांच्या भरवशावर आहे.

म्हणून पाटा बदलला की नुसती उंची बदलत नाही. पुढचा पाटा बदलला तर स्टिअरिंग बदलतं. मागचा बदलला तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. दोन्ही बदलले तर ब्रेकच्या नळ्यांवर ताण येतो. ज्याने हे ध्यानात ठेवलं त्याला पुढचं सगळं सोपं जाईल.

जाडीचं गणित

आता थोडं गणित, पण बाजारात उपयोगी पडेल असं. पाट्यांच्या संचाचा ताठरपणा तीन गोष्टींवर ठरतो: पाटे किती, एकेक किती जाड, आणि लांबी किती. रुंदी सहसा आपण बदलत नाही.

पाट्यांची संख्या सरळ प्रमाणात चालते. सारख्या जाडीचे ४ पाटे असतील आणि पाचवा तसाच पूर्ण लांबीच्या हिशेबाने घातला, तर ताठरपणा साधारण २५ टक्क्यांनी वाढतो. जाडी मात्र घनाच्या प्रमाणात चालते. ६ मिलिमीटरऐवजी ७ मिलिमीटरचे पाटे घातले, तर वाढ १७ टक्के नाही होत, जवळजवळ ५९ टक्के होते. साडेसात मिलिमीटर घातले की ताठरपणा दुप्पट. दुकानदार सांगतो, "साहेब, थोडा जाड घ्या, मजबूत असतो." त्याचं 'थोडं' म्हणजे दीड मिलिमीटर, आणि तुमच्या कण्याला ते दुप्पट लागतं.

लांबीचं उलट आहे. पाटा जितका लांब तितका मऊ, आणि तेही घनाच्या प्रमाणात. म्हणून लांब पाट्यांच्या गाड्या खड्ड्यातून अलगद जातात.

जाड पाट्याचा आणखी एक तोटा आहे. पाटा वाकला की त्याच्या पृष्ठभागावर ताण येतो, आणि तेवढ्याच वाकण्याला जाड पाट्यावर ताण जास्त येतो. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असतं तेव्हा पाट्याला खूप वाकायचं असतं. तिथे पातळ आणि जास्त नग असलेला संच टिकतो. जाड आणि कमी नगांचा संच एक तर वाकत नाही, म्हणजे चाक हवेत राहतं, किंवा वाकवला तर लवकर थकतो. सह्याद्रीत, दांडेलीत, गोव्याच्या लाल चिखलात जे फिरतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथे चाक जमिनीला टेकून राहणं हीच सगळी कमाई आहे.

आपल्या गाडीचा ताठरपणा घरी कसा मोजायचा

यासाठी कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही. मोजपट्टी, सिमेंटची दोन पोती आणि एक सपाट जागा एवढंच लागतं.

गाडी सपाट जागेवर उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. आता ५० किलोची दोन पोती बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर ठेवा, म्हणजे १०० किलो. गाडी हाताने दोन-चार वेळा दाबून सोडा, कारण पाटे एकमेकांना चिकटलेले असतात आणि लगेच बसत नाहीत. पुन्हा मोजा. पोती काढल्यावर परत एकदा मोजा आणि सरासरी घ्या.

समजा गाडी २५ मिलिमीटर खाली बसली. १०० भागिले २५, म्हणजे मागचे दोन्ही संच मिळून मिलिमीटरला ४ किलो. ही तुमच्या गाडीची संख्या. वहीत लिहून ठेवा. पुढची सगळी बोलणी या एका आकड्यावर होतात. डाव्या-उजव्या मापात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर एका बाजूचा पाटा बसलाय किंवा तुटलाय. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि वर्षानुवर्षं एकट्यानेच चालवलेल्या गाडीची उजवी बाजू बसलेली मी नेहमी पाहतो.

त्यानंतर वजनकाटा गाठा. उत्तरेत त्याला धर्मकाँटा म्हणतात. हायवेलगत कुठेही मिळेल. पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या ॲक्सलचं घ्या. काटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्यांनी दाखवतो, आपल्याला तेवढं पुरे. एकदा गाडी रिकामी, टाकी भरून. दुसऱ्यांदा प्रवासाला निघताना जशी असेल तशी, माणसांसकट.

एका जिप्सीचा हिशेब

इंदूरच्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. त्याला जिप्सी घेऊन स्पितीला जायचं होतं. तो, बायको, दोन मुलं. एका गॅरेजने त्याला सुचवलं होतं की तीन इंच लिफ्ट करू, मागे साडेसात मिलिमीटरचे पाटे टाकू, पुढे लांब शॅकल लावू, दोन दिवसांत गाडी तयार. त्याने मला फोन केला तो फक्त "दर बरोबर आहे का" हे विचारायला. मी म्हटलं, "दर राहू दे, आधी यादी कर."

त्याची यादी अशी होती. बायको आणि मुलं मिळून १४० किलो. छतावरचा तंबू आणि कॅरियर ८०. पुढचा लोखंडी बंपर आणि विंच ८५. कपडे-अंथरूण ७०. पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. पेट्रोलचा जादा कॅन १८. हत्यारं आणि सुटे भाग ३५. गाडीतला फ्रीज २५. बेरीज ४९३ किलो. काट्यावर त्याची जिप्सी, तो आत बसलेला असताना, १०६० किलो भरली होती. म्हणजे एकूण १५५३. जिप्सी ही साधारण एक टनाची हलकी गाडी आहे, तिच्यावर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा भार चढत होता.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. गाडीच्या पुस्तकात कमाल एकूण वजन दिलेलं असतं. जाड पाटा घातल्याने ते वाढत नाही. ॲक्सल तोच, बेअरिंग तीच, ब्रेक तेच, टायर तेच. जाड पाटा एवढंच करतो की जादा वजन डोळ्यांना दिसेनासं होतं. आधी गाडी मागून बसायची आणि तुम्हाला कळायचं की भार जास्त झाला. आता ती ताठ उभी राहते, आणि उतारावर ब्रेक मात्र तेवढेच.

आम्ही यादीवर बसलो. स्पितीत गावोगाव होमस्टे आहेत, तंबू कशाला? तंबू-कॅरियर गेलं. सोबत दुसरी गाडी होती, मग विंचऐवजी ओढायचा पट्टा आणि शॅकल पुरेसे. बंपर-विंच गेलं. फ्रीजही गेला. १९० किलो कमी झाले, एक रुपया खर्च न करता. खरं सांगतो, त्या गाडीचं सर्वांत मोठं अपग्रेड तेच होतं.

उरलेला भार भरून, सगळ्यांना बसवून पुन्हा काटा केला. मागचा ॲक्सल रिकाम्या गाडीपेक्षा २२० किलोंनी जड झाला, पुढचा ८३ किलोंनी. त्याच्या मागच्या पाट्यांची संख्या मिलिमीटरला ४ किलो आलेली होती. २२० भागिले ४, म्हणजे गाडी ५५ मिलिमीटर खाली बसणार. रिकाम्या गाडीत ॲक्सल आणि बंपस्टॉप, म्हणजे वरचा तो रबरी ठोकळा, यांच्यात ९० मिलिमीटर जागा होती. उरली ३५. ही कमी आहे. प्रत्येक खड्ड्याला ठोकळा आपटणार.

आता पर्याय बघा. जादा एक पाटा घालून संख्या ५ केली तर गाडी ४४ मिलिमीटर बसते. शिवाय रिकामी असतानाही ती वीसेक मिलिमीटर वर उभी राहते. म्हणजे भरलेल्या गाडीत ठोकळ्यापर्यंत ६५ मिलिमीटरच्या आसपास जागा मिळते. काम झालं. साडेसात मिलिमीटरचे पाटे घातले असते तर संख्या ८ झाली असती. त्यात जागा भरपूर मिळाली असती, पण किंमत कशात मोजायची ते सांगतो.

हिसका कसा मोजायचा

एक सोपं सूत्र आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबली आहे ते काढा. ५ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागा. जे येईल तेवढ्या वेळा गाडी सेकंदाला वर-खाली होते.

या जिप्सीत मागच्या पाट्यांवर, चाकं आणि ॲक्सलचं वजन वजा करून, रिकाम्या गाडीचे सुमारे ४२० किलो होते. संख्या ४ असताना पाटे साडेदहा सेंटिमीटर दबतात, उत्तर येतं १.५. जुन्या धाटणीच्या जीपला हे छान आहे. संख्या ५ असताना १.७. थोडं कडक, चालेल. संख्या ८ असताना पाटे फक्त सव्वापाच सेंटिमीटर दबतात आणि उत्तर येतं २.२. हा रिकाम्या मालवाहू टेम्पोचा हिसका आहे. मागच्या सीटवर दोन मुलं बसणार होती. आणि वर्षातले अकरा महिने गाडी इंदुरातच रिकामी फिरणार होती.

कडक गाडीचा त्रास फक्त पाठीला होतो असं नाही. पाटा दबत नाही म्हणजे रस्त्यावरून चाक उचललं जातं. स्पितीच्या कच्च्या रस्त्यावर, लडाखात, कच्छच्या रणाकडे जाताना जमिनीवर आडव्या लाटा असतात, पत्र्याच्या छतासारख्या. तिथे कडक रिकामी गाडी नाचते आणि वळणावर मागून सरकते. हवेत असलेल्या चाकाचा ब्रेक लागत नाही.

ज्यांचा भार रोज बदलतो, शेतावर किंवा दुकानासाठी पिकअप वापरणारे, त्यांच्यासाठी हेल्पर पाटा हा चांगला मार्ग आहे. संचाच्या तळाशी असलेला हा सरळ, जाड पाटा रिकाम्या गाडीत कामाला लागत नाही, भार चढल्यावरच टेकतो. पण दगडधोंड्यांत चाकाची हालचाल तो कमी करतो, हे धरून चला.

भाराप्रमाणे निवड ही काही माझी कल्पना नाही. ओल्ड मॅन इमूसारखे ऑस्ट्रेलियन ब्रँड पाटे विकतात ते हलका भार, मध्यम भार, कायमचा जड भार अशा वर्गवारीनेच. तिथे विक्रेता आधी विचारतो की मागे कायम काय लादलेलं असतं.

उंची वाढवायचे चार रस्ते

तरी उंची हवीच असते काहींना. मोठे टायर लावायचे असतात. हरकत नाही, पण प्रत्येक रस्त्याचं भाडं वेगळं आहे.

पहिला, लांब शॅकल. स्वस्त. शॅकल ५० मिलिमीटरने लांब केली तर गाडी २५ मिलिमीटर उचलते, कारण ती पाट्याच्या एकाच टोकाला आहे. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या फोर्कला जो कल असतो तो. तो कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, ऐंशीच्या वेगाला गाडी रस्त्यावर भटकते. त्यावर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर बसवून कल परत आणता येतो, पण ते गॅरेजवाल्याने करायला हवं, आणि तुम्ही विचारायला हवं.

दुसरा, ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा बसवणं. मागे एक घन, एकसंध ठोकळा मर्यादित उंचीचा चालतो. पुढे कधीही नाही, कारण ब्रेक मारताना पुढच्या ॲक्सलवर सर्वांत जास्त पीळ येतो. आणि एकावर एक दोन ठोकळे तर कुठेच नाहीत.

तिसरा, ॲक्सलच्या खाली असलेले पाटे ॲक्सलच्या वर घेणं. जिप्सीला कंपनीतून पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते वर घेतले की एका झटक्यात चार-पाच इंच मिळतात आणि मूळ मऊ पाटे वापरता येतात. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांच्या गाड्यांत अशी कामं दिसतात. पण स्टिअरिंगचे रॉड, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या, शॉक, सगळं नव्याने करावं लागतं. पाटे पिळू नयेत म्हणून वेगळा दांडाही लावावा लागतो. घरातल्या एकुलत्या गाडीला हे काम नाही.

चौथा, जास्त कमानीचे नवे पाटे. नीट बनवलेले असतील तर हा सर्वांत स्वच्छ मार्ग. जुन्याच पाट्यांना हातोड्याने ठोकून कमान चढवून देणारेही आहेत. ती कमान काही महिन्यांत उतरते. आणि गॅसने तापवून वाकवलेला पाटा तर घेऊच नका. स्प्रिंगच्या पोलादाला भट्टीत लाल करून तेलात बुडवतात आणि मग ठरावीक उष्णतेला पुन्हा तापवून पाणी देतात, त्यातून त्याला लवचिकपणा येतो. ज्योतीने एका जागी तापवलं की तिथलं पाणी उतरतं. तो पाटा तिथेच बसतो नाहीतर तिथेच तुटतो.

उंचीचं आणखी एक भाडं सगळ्यांनाच पडतं. समजा गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १३०० मिलिमीटर आहे आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर. कागदावर ती ४५ अंशांना कलंडेल. तीन इंच उचला, मध्य ७२५वर गेला, कोन ४२ अंशांवर आला. प्रत्यक्षात स्प्रिंग आणि टायर दबतात, त्यामुळे दोन्ही आकडे आणखी कमी असतात. छतावर ८० किलोंचा तंबू ठेवा, आणखी कमी. आडव्या उतारावर हे तीन अंश म्हणजे घरी परत येणं किंवा न येणं.

गॅरेजमधून गाडी घेण्यापूर्वी

आता ब्रेकबद्दल. लिफ्ट केलेली एक गाडी माझ्यासमोर रॅम्पवर चढवली होती. एक चाक मोकळं लोंबलं, तेव्हा त्या चाकाची ब्रेकची रबरी नळी तारेसारखी ताणलेली होती. आठ दिवसांपूर्वीच तिचं काम झालं होतं. सपाट रस्त्यावर काही कळलं नसतं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात नळी फाटली असती. म्हणून काम झाल्यावर गाडी चासीला टेकू देऊन उचला, चारही चाकं पूर्ण लोंबू द्या आणि स्वतः खाली वाकून प्रत्येक नळी बघा. ती सैल दिसली पाहिजे. पुढची चाकं पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवूनही बघा.

ज्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, त्यात आणखी एक गोम आहे. तो व्हॉल्व्ह ॲक्सल आणि चासीमधलं अंतर बघून ओळखतो की गाडी भरलेली आहे की रिकामी. तुम्ही मागून गाडी उचलली की भरलेल्या गाडीलाही तो रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लावतो. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते.

शॉकचं असं. पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत शॉक ताणून संपता कामा नये, आणि चाक ठोकळ्याला टेकलं तरी शॉक आतून आपटता कामा नये. दोन्ही टोकांची मापं घेऊन मग शॉक विकत घ्या. पाटा कडक केला तर शॉकचीही ताकद वाढवावी लागते, नाहीतर गाडी डुलत राहते.

बुशांचं एक साधं काम फार लोक चुकवतात. रबरी बुश फिरत नाही, ती पिळली जाते. शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुश कायमची पिळलेली राहते आणि लवकर फाटते. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग शेवटचा आवळा द्या. यू-बोल्ट नवेच घ्या, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. ते सैल राहिले की संच मधल्या सेंटर बोल्टवर हलतो, सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

पाटे विकत घेताना दोन गोष्टी विचारा. पोलादाचा ग्रेड काय आणि कारखान्यात बनलेत की दुकानात ठोकलेत. यमुनानगरच्या जमना ऑटोसारखे मोठे कारखाने आपल्याच देशात आहेत, चांगला पाटा मिळणं अवघड नाही. आणि दुसऱ्या पाट्याचं टोक मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती वळवलेलं आहे का ते बघा. मुख्य पाटा डोळ्यापाशी तुटला तरी तो दुसरा पाटा ॲक्सलला धरून ठेवतो. निर्जन ठिकाणी याची किंमत कळते.

कायदा

याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार मालकाला परस्पर करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदललं. त्यात नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बसलेले पाटे काढून मूळ मापाचे नवे टाकणं ही दुरुस्ती आहे. पाच इंच उचलणं हा फेरफार आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूसही हाच फरक बघतो. मधल्या कामांसाठी आपल्या आरटीओत आधी विचारा.

शेवटी

त्या जिप्सीचं काय झालं? मागे नवा संच, जादा एका पाट्यासह. काम झाल्यावर पुन्हा दोन पोती ठेवून मोजलं, संख्या ५च आली. पुढे मूळ मापाचेच नवे पाटे आणि बुश. चारही शॉक नवे. उंची एक इंचाच्या आसपास वाढली, तीही बरीचशी जुने पाटे बसले होते म्हणून. त्याने अजून एकदा विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "हो, एवढंच."

तेव्हा मंडळी, या रविवारी गॅरेजात जाऊ नका. वजनकाट्यावर जा. पावती घ्या, मोजपट्टी काढा, आणि तीन आकडे लिहा: रिकाम्या गाडीचं मागचं वजन, भरलेल्या गाडीचं मागचं वजन, आणि १०० किलोंना गाडी किती बसते. हे तीन आकडे घेऊन कमानी मिस्त्रीसमोर उभे राहा. तो तुम्हाला इंच विकायला लागला, तर त्याला किलो विचारा. चांगला मिस्त्री खूश होईल, कारण असं गिऱ्हाईक त्याला क्वचित भेटतं. जो वैतागेल, त्याच्याकडे गाडी देऊ नका.